अकरा वेळा आमदार: गणपतराव देशमुख यांची कारकीर्द नेमकी कशावर उभी होती?

तळटीप (प्रश्न विचारणाऱ्याचे टोपणनाव)

विधानसभेच्या जुन्या निकालांचे तक्ते चाळताना एक विसंगती सतत डोळ्यांत भरते. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकापचे) १९६२ मध्ये १५ आणि १९६७ मध्ये १९ आमदार होते. १९७२ मध्ये ते ७ वर आले, १९७८ मध्ये पुन्हा १३ झाले, आणि पुढे चढउतार होत होत १९९५ मध्ये ६, १९९९ मध्ये ५ आणि २००४ मध्ये अवघे २ अशी ही संख्या आटत गेली. पक्ष असा ओसरत असताना सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला या एकाच मतदारसंघातून गणपतराव देशमुख मात्र १९६२ पासून २०१४ पर्यंत ११ वेळा निवडून आले. २०१४ ची निवडणूक त्यांनी वयाच्या ८८ व्या वर्षाच्या आसपास लढवली आणि सुमारे २५ हजार मतांनी जिंकली.

जुलै २०२१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर जे लेख आले, त्यांत बहुतेकांनी तीनच कारणे सांगितली: साधी राहणी, एसटीचा प्रवास आणि एका पक्षाशी आयुष्यभर राखलेली निष्ठा. या गोष्टी खऱ्या आहेत आणि आदराच्याही आहेत. पण साधे आणि निष्ठावान असूनही एकदाच निवडून आलेले, किंवा कधीच न आलेले, कितीतरी नेते महाराष्ट्राने पाहिले आहेत. त्यामुळे केवळ सद्गुणांवर अर्धशतक मतदारसंघ टिकतो हे मला पटत नाही. आयुष्याचा बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसलेला माणूस आपल्या तालुक्यासाठी कामे कशी करून घेत होता, आणि लोकांनी त्याला पुन्हा पुन्हा का निवडले, हे कोणी नीट उलगडून सांगू शकेल का? शिवाय "देशात सर्वाधिक वेळा निवडून आलेले आमदार" असा त्यांचा उल्लेख वारंवार होतो, तो कितपत बरोबर आहे?

---

मतपेटी

आधी विक्रमाचा मुद्दा निकालात काढतो, कारण त्यावर फार वेळ घालवण्यासारखे काही नाही. महाराष्ट्रापुरता हा विक्रम निर्विवाद आहे, देशापुरता नाही. करुणानिधी १९५७ ते २०१६ या काळात तमिळनाडू विधानसभेवर १३ वेळा निवडून गेले, अर्थात कुलितलैपासून तिरुवारूरपर्यंत वेगवेगळ्या मतदारसंघांतून. एकच मतदारसंघ ही अट घातली, तर केरळचे के. एम. मणी यांनी पाला मतदारसंघ १९६५ पासून १३ वेळा जिंकला, त्यातली १९६५ ची विधानसभा कधी भरलीच नाही हा भाग वेगळा. त्याच राज्यातले ओमन चंडी पुतुपल्लीतून १९७० पासून सलग १२ वेळा निवडून आले. तेव्हा "देशात सर्वाधिक" हे विशेषण गळायला हवे. त्याने गणपतरावांचे मोल कमी होत नाही. उलट तुलना केली की त्यांचे खरे वेगळेपण दिसते. मणी आणि चंडी ज्या आघाडीत होते ती केरळात आलटून पालटून सत्तेवर येत असे, आणि करुणानिधी तर पाच वेळा मुख्यमंत्री झाले. गणपतराव सत्तेत किती काळ होते? जुलै १९७८ ते फेब्रुवारी १९८० हा शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारचा काळ, आणि ऑक्टोबर १९९९ ते जून २००२ ही विलासराव देशमुख यांच्या मंत्रिमंडळातली वर्षे. दोन्ही मिळून साडेचार वर्षेही भरत नाहीत.

"५५ वर्षे आमदार" हा आकडाही तपासून घ्यावा. १९६२ ते १९७२ ही दहा वर्षे, १९७४ ते १९९५ ही एकवीस, आणि १९९९ ते २०१९ ही वीस. मधली विधानसभा बरखास्त असतानाचे महिने सोडले तरी हा हिशेब पन्नासच्या थोडा पुढे थांबतो. मधल्या दोन पोकळ्या बुजवल्या तरच आकडा ५५ च्या पुढे जातो, आणि माझ्या मते त्यांची कारकीर्द समजून घेण्याची किल्ली नेमकी त्या दोन पोकळ्यांत आहे.

पहिली पोकळी १९७२ ची. इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या आणि सांगोल्यातून काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. त्यांच्या निधनामुळे १९७४ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि गणपतराव परत सभागृहात गेले. मधल्या काळात महाराष्ट्रात काय घडले ते आठवून पाहावे: १९७२ चा दुष्काळ. सांगोल्यासारख्या कायम अवर्षणग्रस्त तालुक्यात लोक खडी फोडण्याच्या आणि नालाबांधाच्या कामांवर जात होते, तेव्हा गणपतराव आमदार नव्हते. ज्या नेत्याचे राजकारण आमदारकीच्या पाटीवर चालते त्याच्यासाठी अशी दोन वर्षे संपवणारी ठरतात. इथे ती संपवणारी ठरली नाहीत, याचा अर्थ पदाविना चालणारे काहीतरी त्यांच्या हाताशी होते.

दुसरी पोकळी १९९५ ची. त्या वेळी राज्यभर काँग्रेसविरोधी वारे होते, शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले, आणि तरीही सांगोल्यात काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांनी गणपतरावांना १९२ मतांनी हरवले. म्हणजे हा मतदारसंघ त्यांच्या खिशात होता असे कधीच नव्हते. प्रत्येक वेळी समोर तगडा विरोधक असे, आणि १९९९ मध्ये वयाची सत्तरी ओलांडल्यावर त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. तिथून पुढे ते सलग चार वेळा जिंकले. अकरा विजयांचे कौतुक करणारे लेख या दोन पराभवांना एका ओळीत उरकतात, हे मला अन्यायाचे वाटते.

---

माणकाठ

मी सांगोला तालुक्यातला आहे, त्यामुळे माझे म्हणणे थोडे आपुलकीचे वाटले तर वाचणाऱ्यांनी तेवढी वजाबाकी करून घ्यावी. आमच्याकडे त्यांना आबासाहेब म्हणत.

एसटीचा उल्लेख सगळेच करतात, म्हणून त्याबद्दल एकच सांगतो. एसटीत खिडकीवर "विधानसभा सदस्य" असे रंगवलेली एक राखीव जागा असते. बहुतेक प्रवाशांनी त्या जागेवर आमदार बसलेला जन्मात पाहिलेला नसतो आणि ती जागा कोणीही बिनदिक्कत अडवतो. आमच्या भागात मात्र त्या अक्षरांना अर्थ होता. याचा परिणाम केवळ प्रतिमेपुरता नव्हता. गाडीत बसलेला आमदार तीन-चार तास लोकांच्या हाती सापडतो. रेशनकार्ड, विहिरीचे प्रकरण, पोराची बदली, डेपोतून न सुटणारी मुक्कामाची गाडी, सगळे तिथेच सांगून होते. मोटारीतून जाणाऱ्या आमदाराला हे कळायला मध्ये चार माणसे लागतात, आणि प्रत्येक माणूस त्यात आपले काहीतरी मिसळतो.

पण मूळ प्रश्नाचे खरे उत्तर पाण्यात आहे. माण आणि कोरडा या आमच्या नद्या. दुसरीचे नावच पुरेसे बोलके आहे. या तालुक्यात पाणी हे एका निवडणुकीत संपणारे आश्वासन नव्हते, ते पिढ्यांचे काम होते, आणि अशा लांबलचक कामाला दर पाच वर्षांनी बदलणारा माणूस उपयोगाचा नसतो. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि आबासाहेब यांनी १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा घेऊन कृष्णा खोऱ्यातल्या तेरा दुष्काळी तालुक्यांना एकत्र बांधले. त्या वेळचा धाक असा होता की, कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला दिलेले कृष्णेचे पाणी वापरण्याच्या योजनांना मे २००० ची मुदत आहे, आणि ती चुकली तर हक्क सांगायला जागा उरणार नाही. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले त्यामागे सरकारची स्वतःची गणिते असतीलच, पण खालून येणारा हा रेटाही होता. मागणीही नुसती "आम्हाला पाणी द्या" अशी नव्हती. जमीन असो वा नसो, प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा वाटा मिळाला पाहिजे, असे समन्यायी वाटपाचे सूत्र त्या परिषदांनी मांडले. आज आटपाडी पॅटर्न म्हणून जे बोलले जाते त्याचे मूळ तिथे आहे.

टेंभू योजनेचे पाणी कराडजवळ कृष्णेतून उचलले जाते आणि टप्प्याटप्प्याने वर चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडी असे करत आमच्यापर्यंत येते. म्हैसाळचे पाणी मिरजेकडून येते. दोन्हीकडे आम्ही शेपटाला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला. शेपटाच्या शेतकऱ्याचे दुःख असे की, कागदावर त्याचे नाव सर्वात आधी असते आणि पाणी सर्वात शेवटी येते. वरच्या अंगाला एखाद्याने आवर्तन लांबवले, एखादा पंप बंद पडला किंवा वीजबिल थकले की आमचा कालवा कोरडा. अशा जागी असलेल्या तालुक्याला विधानसभेत नियमांवर बोट ठेवून विचारणारा माणूस लागतो. प्रत्येक अधिवेशनात तोच प्रश्न, तेच गाव, तोच किलोमीटर, असे वीस-वीस वर्षे विचारत राहणे कंटाळवाणे असते. आबासाहेबांना त्याचा कंटाळा नव्हता. पिण्याच्या पाण्यासाठी शिरभावीची ८१ गावांची योजनाही अशाच चिकाटीतून उभी राहिली.

दुसरे, सूतगिरणी. ज्या तालुक्यात कापूस पिकत नाही तिथे १९८० साली शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी काढायची, हे ऐकायला वेडेपणाचे वाटते. शेजारच्या तालुक्यांत त्या काळी साखर कारखान्यांवरून राजकारण चालत होते; आमच्याकडे उसाला पाणीच नव्हते, म्हणून रोजगार देणारा, पाणी न मागणारा उद्योग हवा होता. राज्यातल्या कितीतरी सहकारी सूतगिरण्या कर्जात बुडाल्या असताना ही चालत राहिली, आणि पुढे महिलांची वेगळी गिरणीही निघाली. गावागावातून तिथे कामाला जाणारी माणसे होती, आणि त्या प्रत्येक घरात पक्षाचा एक धागा पोचत होता. मतपेटी यांनी ज्याला "पदाविना चालणारे काहीतरी" म्हटले, ते हे.

---

उलटतपासणी

वरची दोन्ही उत्तरे मी आवडीने वाचली, तरी त्यांत एक बाजू पातळ राहिली आहे असे वाटते, म्हणून मुद्दाम दुसऱ्या बाजूने लिहितो.

पहिला मुद्दा श्रेयाचा. आज सांगोल्याची ओळख डाळिंबाची आहे, आणि तालुक्याच्या कोरडवाहू रानात पैसा आला तो डाळिंब आणि बोरामुळे. त्यामागची रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानावर फळबाग लावण्याची योजना १९९० च्या सुमारास आली ती शरद पवार यांच्या काँग्रेस सरकारची होती. मूळ रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. गणपतरावांनी त्या योजना तालुक्यात नीट उतरवल्या, हे मान्य. पण त्यांना सगळ्याचे जनक ठरवणारे लेखन इतिहासाला धरून नाही. बरे, डाळिंबाचेही पुढे काय झाले? तेल्या रोगाने बागा झोडपल्या, त्यानंतर खोडाला छिद्रे पाडणाऱ्या भुंगेऱ्याने उभ्या बागा वाळवल्या, आणि अनेकांनी कुऱ्हाड लावली. एका पिकावर उभी असलेली सुबत्ता किती तकलादू असते, यावर तालुक्याच्या नेतृत्वाने वेळीच विचार केला का, हा प्रश्न विचारायला हवा.

दुसरा मुद्दा, विरोधी पक्षात राहून कामे कशी होत, याचा. त्याचे न बोलले जाणारे उत्तर असे की, गणपतराव विरोधात असले तरी सत्तेपासून फार लांब कधीच नव्हते. पुलोदमध्ये ते आणि सहकारमंत्री एन. डी. पाटील हे शेकापचे दोघे शरद पवारांच्या मंत्रिमंडळात बसले, आणि पवारांशी त्यांचे संबंध नंतरही सलोख्याचे राहिले. १९९९ मध्ये पाच आमदारांच्या बळावर शेकाप आघाडी सरकारात गेला आणि गणपतरावांकडे पणन व रोजगार हमी ही खाती आली. त्यात गैर काही नाही. परंतु "सत्तेला कधी शिवले नाहीत" असे जे चित्र रंगवले जाते ते अर्धवट आहे. २००२ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या भांडणावरून शेकापने विलासराव सरकारचा पाठिंबा काढला तेव्हा त्यांचे मंत्रिपद गेले. सांगोल्याचा त्या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता. पक्षाने सांगितले आणि ते बाहेर पडले, एवढाच त्याचा अर्थ, आणि तेवढ्यापुरते मी त्यांना पूर्ण गुण देतो.

तिसरा आणि माझ्या दृष्टीने सर्वात मोठा मुद्दा पक्षाचा. शेकाप १९४७-४८ मध्ये काँग्रेसमधून फुटून निघाला तेव्हा शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांच्यासारखी माणसे त्यात होती. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने, म्हणजे पक्षाची विचारसरणी मांडणाऱ्या दस्तऐवजाने, त्याला मार्क्सवादी वळण दिले. पाच-सहा वर्षांतच मोरे आणि जेधे परत काँग्रेसमध्ये गेले. इतर पक्षांतली माणसे काँग्रेसमध्ये ओढणाऱ्या यशवंतराव चव्हाण यांच्या बेरजेच्या राजकारणात यशवंतराव मोहिते गेले, आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांतले कार्यकर्तेही वाहून गेले. जे राहिले त्यांनी काय केले? अलिबाग-पेण-पनवेलचा पट्टा, नांदेडकडे केशवराव धोंडगे यांचे कंधार, आणि सांगोला, असे किल्ले केले आणि त्या किल्ल्यांतच राहिले. आसपासच्या पंढरपूर, मंगळवेढा, माढा या तालुक्यांत गणपतरावांसारखा दुसरा माणूस उभा राहिला नाही. अकरा वेळा निवडून येणाऱ्या नेत्याच्या नावावर शेजारी एकही मतदारसंघ पक्षाला कायमचा मिळू नये, हे त्या कारकिर्दीचे अपयश म्हणून नोंदवायला हवे. किल्ला सांभाळणारा चांगला किल्लेदार होता, पण मुलूख गेला.

जातीचा मुद्दाही कोणी काढलेला नाही. गणपतराव धनगर समाजातले होते आणि सांगोल्यात त्या समाजाची मतसंख्या मोठी आहे. हे गणित डोळ्याआड करून केवळ पाणी आणि गिरणी यांवर सगळे विवेचन करणे मला अपुरे वाटते.

---

माणकाठ

जातीबद्दल उलटतपासणी यांनी काढलेला मुद्दा टाळण्यासारखा नाही, म्हणून थोडक्यात उत्तर देतो. समाजाची मते त्यांना मिळत, हे उघड आहे. पण ती मते १९७२ मध्ये होती आणि १९९५ मध्येही होती, तरी ते पडले. म्हणजे तेवढ्यावर जिंकता येत नव्हते. शिवाय १९६२ मध्ये ते पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा ते काही या तालुक्याचे जन्मजात पुढारी नव्हते. त्यांचा जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. शिक्षणानंतर वकील म्हणून ते इकडे आले. काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या त्या वर्षी लाल बावट्यावर निवडून येणे, तेही बाहेरगावच्या तरुण वकिलाने, हे एका समाजाच्या बळावर झाले असे मला वाटत नाही. कुळकायद्याची प्रकरणे, सावकारी आणि कोर्टकचेऱ्या यांत अडकलेल्या माणसाला फुकट किंवा उधारीवर वकील मिळणे किती मोठी गोष्ट होती, हे ज्यांच्या घरी जुनी दप्तरे आहेत त्यांना विचारावे.

डाळिंबाच्या योजनेचे श्रेय आपण म्हणता तिथे जावे, माझी हरकत नाही. फक्त एक भर घालतो: रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, तेव्हा आबासाहेब पुलोद सरकारात मंत्री होते. कायदा पुस्तकात असणे आणि हजेरीपटावर मजुराचे नाव चढून आठवड्याला पैसे हातात पडणे, यांत फार अंतर असते. ते अंतर कमी करणारा आमदार लोकांच्या लक्षात राहतो, जनक कोण याची चौकशी लोक करत बसत नाहीत.

शेजारचे तालुके का मिळाले नाहीत, याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही, आणि आपण म्हणता ते मला बोचले तरी खोटे वाटत नाही.

---

तळटीप

तिघांचेही आभार. मतपेटी यांनी मांडलेला दोन पराभवांचा धागा मला सर्वात उपयोगी वाटला. उलटतपासणी यांच्या मुद्द्यावरून एक पुढचा प्रश्न सुचतो: जर ही यंत्रणा पाणी आणि संस्था यांच्यावर उभी होती, तर ती त्यांच्यानंतर टिकायला हवी, आणि जर ती केवळ व्यक्तीवर उभी होती, तर ती त्यांच्या निवृत्तीबरोबर संपायला हवी. २०१९ आणि २०२४ च्या निकालांतून याबद्दल काही निष्कर्ष काढता येतो का? शिवाय सभागृहातले त्यांचे काम नेमके कशा स्वरूपाचे होते, यावर कोणी लिहिले तर बरे होईल.

---

मतपेटी

सभागृहाबद्दल आधी लिहितो. १९७७-७८ मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते, हे आज फारसे कोणाला आठवत नाही; शेकापने कृष्णराव धुळप यांच्यापासून दत्ता पाटील यांच्यापर्यंत या राज्याला अनेक विरोधी पक्षनेते दिले, त्या मालिकेतले ते एक. त्यांच्या भाषणांत टाळ्यांची वाक्ये शोधू नयेत, ती सापडणार नाहीत. त्यांचे हत्यार म्हणजे अर्थसंकल्पावरच्या मागण्यांची चर्चा, तारांकित प्रश्न (मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते असे) आणि कपात सूचना (खात्याच्या मागणीत कपात सुचवून त्यावर चर्चा घडवणाऱ्या). वकिलाची सवय असल्यामुळे ते खात्याचे जुने उत्तर आणि नवे उत्तर शेजारी शेजारी ठेवून मंत्र्याला अडचणीत आणत. दोन-तीन आमदारांच्या पक्षाला सभागृहात वेळ अगदी बेताचा मिळतो, आणि वेळ बेताचा असला की नियमांचे पुस्तक पाठ असणे हेच बळ असते. त्यांना ज्येष्ठ म्हणून अध्यक्ष बोलू देत, हेही खरे. पण ज्येष्ठता त्यांच्या वाट्याला शेवटच्या वीस वर्षांत आली, सवय त्याआधीची होती.

आता उत्तराधिकाराबद्दल. २०१९ मध्ये त्यांनी वयामुळे उभे न राहण्याचे ठरवले आणि पक्षाचा गोंधळ उडाला. आधी एक नाव जाहीर झाले, त्यावर कार्यकर्त्यांत नाराजी पसरली, आणि अखेरीस त्यांचे नातू अनिकेत देशमुख यांना उमेदवारी देण्यात आली. समोर तेच शहाजीबापू पाटील, या वेळी शिवसेनेचे. निकाल ७६८ मतांनी विरोधात गेला. १९९५ मध्ये १९२ आणि २०१९ मध्ये ७६८: या मतदारसंघात शेकाप हरतो तो बहुधा एखाद्या गावाच्या मतांनी, आणि घराणेशाहीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या पक्षाला ऐन वेळी घरातलाच उमेदवार शोधावा लागतो, या दोन्ही गोष्टी त्या निकालात एकत्र दिसल्या. उलटतपासणी यांच्या टीकेला याहून चांगला पुरावा मिळणार नाही. पन्नास वर्षांत दुसरी फळी तयार झाली होती, पण तिच्यातल्या एका नावावर एकमत होईल अशी व्यवस्था तयार झाली नव्हती.

२०२४ चा निकाल मात्र या निष्कर्षाला छेद देतो. महाविकास आघाडीने सांगोल्याची जागा उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेला दिली, शेकापने तरीही दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांना उभे केले, आणि तिरंगी लढतीत ते सुमारे २५ हजार मतांनी निवडून आले. समोर पुन्हा शहाजीबापूच होते, शिवसेनेतल्या २०२२ च्या फुटीवेळच्या गुवाहाटी मुक्कामानंतर राज्यभर नाव झालेले आणि सत्ताधारी पक्षाचे. ज्या निवडणुकीत महायुतीने २३० च्या आसपास जागा घेतल्या, त्या निवडणुकीत आघाडीचा हात नसताना हा निकाल लागला. संपूर्ण राज्यात शेकापला मिळालेली ती एकमेव जागा. रायगडमध्ये पक्षाला एकही जागा मिळाली नाही.

तेव्हा तळटीप यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, यंत्रणा टिकली आहे पण ती घराण्याच्या नावाने टिकली आहे, आणि या दोन बाबी वेगळ्या करून पाहण्याची संधी अजून आलेली नाही. देशमुख आडनावाचा नसलेला शेकापचा उमेदवार सांगोल्यात ज्या दिवशी उभा राहील, त्या दिवशीची मते मोजली की उलटतपासणी आणि माणकाठ यांच्यातला वाद आपोआप मिटेल.

---

उलटतपासणी

मतपेटी यांचा शेवटचा निकष मला मान्य आहे, एका दुरुस्तीसह. नुसते आडनाव बदलून चालणार नाही. सूतगिरणी आणि शिक्षणसंस्था ज्यांच्या ताब्यात असतील त्यांचा पाठिंबा त्या उमेदवाराला आहे की नाही, हेही त्या वेळी पाहावे लागेल; नाहीतर मते पक्षाची की संस्थांची, हा प्रश्न तसाच राहील. आणि टेंभूचे पाणी त्या वर्षी शेपटापर्यंत वेळेवर पोचले होते की नाही, याची नोंद माणकाठ यांनी ठेवावी, कारण सांगोल्यात निकालाचा अंदाज मला त्यावरूनच जास्त बांधता येईल.